रीफ टँकमधील कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि ट्रेस एलिमेंट्स: दुबईतील एका टाकीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुबईतील फ्लॅटमध्ये तुमची तीनशे लिटरची प्रवाळांची टाकी दीड वर्षापासून चालू आहे. दगड आणि वाळू वजा जाता तिच्यात प्रत्यक्ष पाणी २६० लिटरच्या आसपास असते. दर शनिवारी तुम्ही बफरची, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारी, पावडर संपमध्ये (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकता, तेव्हा अल्कलिनिटी ११.५ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) होते आणि शुक्रवारपर्यंत ती ७.९ वर येते. कॅल्शियम कधी ३७० तर कधी ४०० पीपीएम दिसते, सरासरी ३८०. मॅग्नेशियम ११७५ आहे. कॅल्शियमची पावडर घालूनही आकडा वर सरकत नाही, अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोके पांढरी पडू लागली आहेत, हीटरवर पांढरा थर बसतो आहे, आणि आयोडीन, स्ट्रॉन्शियम, लोह व मिश्र ट्रेस (अगदी अल्प प्रमाणात लागणारी मूलद्रव्ये) अशा चार बाटल्या तुम्ही आठवड्यातून दोनदा वापरता. यांपैकी काय वाढवावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की सध्या काहीही वाढवू नका. शारजा आणि दुबईतल्या घरांमधील व कार्यालयांमधील रीफ टँकची देखभाल मी सोळा वर्षे करीत आलो आहे, आणि ‘कॅल्शियम चढतच नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या टाक्यांपैकी बहुतेकींमध्ये कॅल्शियमचा दोष नव्हता. एक तर पाण्याचा खारेपणा चुकीचा मोजला गेला होता, नाही तर अल्कलिनिटी एकदम चढवून तिचा साका केला जात होता. तुमच्या आकड्यांत मला या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा खुलासा करतो. आपल्याकडे ‘क्षारता’ हा शब्द कोणी खारेपणासाठी वापरतो, तर कोणी अल्कलिनिटीसाठी. या विषयात त्याने फार घोटाळा होतो, म्हणून मी तो शब्द टाळतो. खारेपणा म्हणजे एक किलो पाण्यात एकूण किती ग्रॅम मीठ आहे ते. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, जी मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे येते. प्रवाळाला सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियमच्या जोडीला लागते ते हेच.

खुल्या समुद्राच्या पाण्याचा खारेपणा ३५ असतो, तेव्हा त्यात कॅल्शियम साधारण ४१५, मॅग्नेशियम साधारण १२८५ पीपीएम आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या जवळपास असते. आता तुमचे आकडे त्यांच्याशेजारी मांडून पाहा. तुमचे ३८० म्हणजे ४१५ च्या सुमारे ९१ टक्के, आणि ११७५ म्हणजे १२८५ च्याही सुमारे ९१ टक्के. दोन वेगळ्या मूलद्रव्यांची तूट इतकी तंतोतंत सारखी असेल, तर ती प्रवाळांनी केलेली नसते, कारण प्रवाळ कॅल्शियम भराभर उचलतात आणि मॅग्नेशियम त्या मानाने अगदी थोडे. सारख्या प्रमाणात तूट पडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे पाणीच पातळ आहे. ३५ च्या ९१ टक्के म्हणजे जेमतेम ३२. मिठाच्या प्रत्येक ब्रँडचे प्रमाण थोडे निराळे असते हे मान्य करूनही, तुमच्या टाकीचा खारेपणा ३२ च्या आसपास असावा असा माझा अंदाज आहे.

तुमच्या हायड्रोमीटरवर मात्र १.०२६ घनता, म्हणजे साधारण ३५ खारेपणा दिसतो, असे तुम्ही लिहिले आहे. प्लास्टिकच्या त्या हलत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर माझा विश्वास का नाही, हे तुम्हांला पाच मिनिटांत कळेल. त्यात पाणी भरून काट्याच्या खालच्या बाजूला उजेडात नीट पाहा. साबुदाण्याहूनही बारीक बुडबुडे तिथे चिकटलेले दिसतील. ते काट्याला वर उचलून धरतात आणि पाणी आहे त्यापेक्षा जास्त खारे दाखवतात. बोटाने टिचकी मारून बुडबुडे सोडवलेत की काटा बऱ्याचदा खाली येतो. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो यावरून खारेपणा दाखवणारे उपकरण) घ्या, आणि तो केवळ आरओच्या पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नका. त्याची परीक्षा ३५ च्या आकड्यालाच व्हायला हवी. त्यासाठीचे द्रावण घरी होते: ३६.५ ग्रॅम शुद्ध, आयोडीन न घातलेले मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय (आरओनंतर उरलेली खनिजेही काढलेल्या) पाण्यात विरघळवले, की त्याचा प्रकाश वळवण्याचा गुण ३५ खारेपणाच्या समुद्रपाण्याइतका होतो. या द्रावणावर उपकरण ३५ दाखवेल असे स्क्रूने जुळवून घ्या आणि मगच टाकीचे पाणी तपासा.

खारेपणा खरोखरच ३२ निघाला, तर तो एका दिवसात वर नेऊ नका. तुमच्या एसीच्या कोरड्या हवेत रोज पाच लिटर पाणी उडते असे तुम्ही म्हणता. एक दिवस आरओचे पाणी आणि एक दिवस ३५ चे तयार खारे पाणी, असा आलटून पालटून टॉप-अप केलात, म्हणजे उडालेले पाणी भरलेत, तर नऊ-दहा दिवसांत पाणी ३५ वर येईल, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम हे दोन्ही आपोआप ४१५ आणि १२८५ च्या आसपास पोहोचतील. मॅग्नेशियमची बाटली उघडण्याची वेळच येणार नाही.

इथे समुद्राचे पाणी आणून वापरणारेही बरेच आहेत, म्हणून जाता जाता सांगतो: आखातात बाष्पीभवन प्रचंड असल्याने किनाऱ्यावरच्या पाण्याचा खारेपणा ४० च्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतो. ते पाणी आरओच्या पाण्याने ३५ वर आणल्याशिवाय टाकीत घालू नये आणि त्याच्या मूळ आकड्यांची आपल्या टाकीशी तुलनाही करू नये.

आता अल्कलिनिटीकडे वळतो, कारण या साऱ्या विषयाची किल्ली तीच आहे. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो बांधताना दोन्ही घटक ठरलेल्या प्रमाणातच खर्च होतात: अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरली, तर कॅल्शियम २० पीपीएम उतरते. याचा अर्थ १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम. हे प्रमाण प्रवाळाच्या जातीनुसार फारसे बदलत नाही, आणि हीटरवर नुसता थर बसला तरी खर्च याच प्रमाणात होतो. तुमचा आठवड्याचा हिशेब यावर घासून पाहा. शनिवार ते शुक्रवार या सहा दिवसांत अल्कलिनिटी ३.६ डीकेएच उतरली, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश साठा संपला. त्याच काळात कॅल्शियम उतरले २५ पीपीएम, म्हणजे साठ्याच्या सहा-सात टक्के. घरगुती टेस्ट किटमध्ये १० ते २० पीपीएमचा फरक नुसत्या थेंबाच्या आकाराने आणि रंग ओळखण्याने पडतो. तुमचे ३७० ते ४०० हे हेलकावे बहुतांशी टेस्टचे आहेत, पाण्याचे नाहीत. आणि त्यांच्यामागे धावून तुम्ही कॅल्शियम घालत होतात.

म्हणून माझ्या कामात मी अल्कलिनिटी मोजून डोस ठरवतो आणि कॅल्शियम तिच्या मागोमाग हिशेबाने घालतो. अल्कलिनिटी बसवण्याच्या काळात रोज, शक्यतो रोज एकाच वेळी, आणि घडी बसल्यावर आठवड्यातून दोनदा मोजावी. कॅल्शियम पंधरा दिवसांतून एकदा पुरते, मॅग्नेशियम महिन्यातून एकदा.

अल्कलिनिटीच्या टेस्टवर एवढा भार टाकायचा, तर तीही खरी आहे की नाही हे पाहिले पाहिजे. इथल्या उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेले रसायन घरी येते, आणि ते मुदतीच्या आत असूनही चुकीचे आकडे देताना मी पाहिले आहे. शुद्ध खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, अचूक ३ ग्रॅम मोजून आरओ-डीआय पाण्यात विरघळवा आणि एकूण द्रावण एक लिटर करा. हे १०० डीकेएचचे द्रावण झाले. त्यातले १०० मिलि घेऊन पुन्हा आरओ-डीआय पाण्याने एक लिटर करा. ते १० डीकेएच होते. तुमचे किट त्यावर ९.७ ते १०.३ दाखवत असेल तर निर्धास्त राहा. ८.९ दाखवत असेल, तर तुमची टाकी तुम्हांला वाटते त्याहून बरीच जास्त अल्कलिनिटीवर चालू आहे.

शनिवारी संपमध्ये पडणाऱ्या त्या पावडरचे काय होते, हे मी एका घरी शेजारी उभे राहून पाहिले आहे. पावडर पाण्यात पडताच तिच्याभोवती दुधासारखा ढग उठला, संपच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत पसरला आणि दहा मिनिटांत विरला. घरच्यांना वाटले, विरघळली. प्रत्यक्षात त्या ढगाचा काही भाग म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि नुकतेच टाकलेले कार्बोनेट यांनी मिळून बनवलेला चुनखडीचा साका होता, आणि तो हीटरवर, पंपाच्या रोटरवर आणि वाळूत जाऊन बसला. तुमच्या हीटरवरचा थर कसला आहे याची खात्री करायची असेल, तर वीज बंद करून हीटर गार झाल्यावर बाहेर काढा आणि थरावर व्हिनेगरचे दोन थेंब सोडा. फसफसले, तर तो कार्बोनेटचा साका आहे, आणि तुमच्या बफरचे व कॅल्शियमचे पैसे त्यातच गेलेले आहेत. अल्कलिनिटी जितकी जास्त, पीएच जितका जास्त, पाणी जितके गरम आणि मॅग्नेशियम जितके कमी, तितका हा साका लवकर बसतो. मॅग्नेशियम नव्याने बनणाऱ्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर शिरून त्याची वाढ अडवते. खारेपणा कमी राहिल्याने तुमच्या पाण्यात तो अडसरही थोडा कमजोरच होता.

टोके पांढरी पडण्याचा संबंधही मला याच्याशीच दिसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असलेल्या टाकीत अल्कलिनिटी ११ च्या वर गेली, की अक्रोपोराची वाढती टोके उघडी पडताना मी वारंवार पाहिले आहे. आणि अशा टाकीत ती दर आठवड्याला साडेतीन डीकेएचने वरखाली होत असेल तर जास्तच. तुमचे दोन्ही आकडे ‘शून्य’ असल्याचे तुम्ही लिहिले आहे. अशा टाकीसाठी मी ७.५ ते ८.५ ही मर्यादा धरतो आणि माशांचे खाणे थोडे वाढवतो. साडेसात असो वा साडेआठ, आकडा कोणता यापेक्षा तो रोज तोच राहतो का, याला मी जास्त महत्त्व देतो.

खारेपणा जागेवर आल्यावर दोन दिवस कोणताही डोस देऊ नका आणि अल्कलिनिटी आठच्या आसपास असताना रोजची घट मोजा. ती ०.६ डीकेएच निघेल असे तुमच्या आठवड्याच्या आकड्यांवरून वाटते, पण त्यात साक्याचाही वाटा असल्याने प्रत्यक्षात थोडी कमी निघू शकते. पुढचा हिशेब मी ०.६ धरून करतो. तुमचा आकडा वेगळा आला तर त्याच प्रमाणात बदला.

माझी पहिली पसंती तुमच्या टाकीसाठी चुन्याच्या पाण्याला आहे. आपल्याकडे ज्याला चुन्याची निवळी म्हणतात, तेच रीफच्या छंदात ‘काल्कवासर’ या जर्मन नावाने रूढ झाले. यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळाला लागतात नेमक्या त्याच प्रमाणात मिळतात, मागे कोणतेही मीठ उरत नाही, आणि पाण्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन पीएच वर येतो. एसीमुळे दारे-खिडक्या बंद असलेल्या घरात सकाळी पीएच ७.८ दिसणे नेहमीचेच आहे, कारण घरातल्या माणसांच्या श्वासाने हवेतला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि स्किमर (हवेच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारे उपकरण) तीच हवा पाण्यात मिसळत राहतो. तुमची गरज भागवायला रोज सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड पुरते. ते रोजच्या पाच लिटर टॉप-अपच्या पाण्यात मिसळून, झाकणाच्या डब्यातून, रात्रभर थेंबथेंब संपच्या वाहत्या भागात सोडा. डबा उघडा राहिला तर वर साय धरते. ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन बनलेली चुनखडी असते, आणि तेवढी ताकद वाया गेलेली असते.

पानाला लावायचा चुना यासाठी वापरू नका. त्यात पाणी किती आणि इतर धातू किती, हे कोणालाच ठाऊक नसते. खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या प्रतीची कोरडी पावडर आणा, आणि ती हाताळताना डोळ्यांना चष्मा व हातांत मोजे हवेतच, कारण तीव्र निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

पाच लिटरांच्याच डब्याचा आग्रह मी का धरतो, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी देखभाल करीत असलेल्या एका टाकीचा फ्लोट स्विच (पाणी घटले की टॉप-अप सोडणारी तरंगती कळ) गोगलगाय अडकल्याने रात्री उघडाच राहिला. मी सोयीसाठी पन्नास लिटरच्या पिंपात पूर्ण तीव्रतेची निवळी भरून ठेवली होती. सकाळी पोहोचलो तेव्हा पाणी ताकासारखे पांढरे झाले होते आणि दोन मासे मेले होते. पाणी बदलून आणि संपमध्ये खूप हवा सोडून बाकीचे वाचवले, पण त्या दिवसापासून कोणत्याही डब्यात एका दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त चुना मी ठेवत नाही. २ ग्रॅम चुना घातलेला तुमचा पाच लिटरचा डबा एकदम रिकामा झाला, तरी अल्कलिनिटी फक्त ०.६ ने चढेल.

प्रवाळ वाढतील तशी गरज वाढेल. एका लिटर पाण्यात दीड ग्रॅमहून थोडा जास्त चुना विरघळतो, त्यामुळे पाच लिटर पूर्ण तीव्र निवळीने तुमच्या टाकीला दिवसाला साधारण २ डीकेएचपर्यंत पुरवठा करता येतो. मी स्वतः १ च्या पुढे गेल्यावर दोन द्रावणांची पद्धत जोडीला घेतो. एका बाटलीत ६० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि दुसऱ्या बाटलीत ५२.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, प्रत्येकी एक लिटर द्रावण होईल इतक्या आरओ-डीआय पाण्यात. या मापाने दोन्ही द्रावणे समान मिलि घातली की प्रमाण आपोआप बरोबर राहते. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच चढवायला प्रत्येकी ५० मिलि लागतात, तुमच्या ०.६ साठी प्रत्येकी ७८ मिलि. डोसिंग पंपाने दिवसाचे सहा भाग करा, आणि सोडा व कॅल्शियम यांच्यात किमान अर्धा तास जाऊ द्या, नाही तर तो पांढरा ढग पुन्हा दिसेल. पीएच कमी राहत असेल तर खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा, म्हणजे शुद्ध, निर्जल सोडियम कार्बोनेट, चालतो. त्याचे माप एका लिटरला ३८ ग्रॅम धरा.

या पद्धतीचे एक देणे असते आणि ते फेडावे लागते. प्रवाळाने कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतल्यावर मागे साधे मीठ उरते. रोज ०.६ डीकेएचच्या हिशेबाने तुमच्या टाकीत ते वर्षाला सुमारे १.२ किलो होईल, म्हणजे लिटरमागे साडेचार ग्रॅम. पाणी बदलत राहिलात आणि खारेपणा महिन्यातून तपासलात तर त्रास नाही. जर्मनीच्या हान्स-वेर्नर बॉलिंग यांनी याच अडचणीवर तोडगा म्हणून सोडियम क्लोराइड वगळलेले समुद्री मीठ तिसरा भाग म्हणून जोडले. उरलेल्या साध्या मिठात ते मिसळले की एकूण शिल्लक समुद्राच्या पाण्यासारखी होते आणि मग केवळ जास्तीचा खारेपणा काढावा लागतो. मोठ्या टाक्यांना ती पद्धत मी वापरतो. तुमच्या टाकीला तिची गरज नाही.

राहिल्या चार बाटल्या. त्या आजच थांबवा. दर पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे २६ लिटर पाणी बदला. जो घटक आठवड्याला १ टक्का घटतो, तो अशा बदलाने नव्या पाण्याच्या पातळीपेक्षा ९ ते १० टक्क्यांहून अधिक खाली कधीच जात नाही. लोह आणि मँगनीज मात्र फार वेगाने निघून जातात, त्यामुळे पाणी बदलून ते टिकत नाहीत. पण माशांच्या खाण्यातून ते रोज येत असतात. स्ट्रॉन्शियमची गोष्ट निराळी आहे. समुद्रात ते ८ पीपीएम असते आणि प्रवाळ ते कॅल्शियमच्या जवळजवळ समुद्रातल्याच प्रमाणात सांगाड्यात घेतात: २० पीपीएम कॅल्शियममागे ०.४ पीपीएम. तुमच्या खपाने ते आठवड्याला सात टक्के घटेल, आणि नुसत्या पाणीबदलावर ५ पीपीएमच्या आसपास स्थिरावेल. चुन्यातून आणि कॅल्शियम क्लोराइडमधून अशुद्धी म्हणून थोडे स्ट्रॉन्शियम येते, म्हणून प्रत्यक्ष पातळी याहून वर राहते. ५ वर असलेल्या टाक्यांतही प्रवाळांवर परिणाम झालेला मी पाहिलेला नाही. आयोडीनबाबत मी सर्वांत कडक आहे. समुद्रात ते केवळ ०.०६ पीपीएम असते, आणि बाटलीतले थोडे थेंब जास्त पडले तरी ते कित्येक पटींनी वाढते. तीन महिन्यांनी आयसीपी (पाण्यातले एकेक मूलद्रव्य मोजणाऱ्या) तपासणीसाठी नमुना जर्मनीतल्या प्रयोगशाळेला पाठवा, आणि अहवालात जे कमी दिसेल तेवढेच, त्याच मापाने घाला. त्या अहवालात तांबे किंवा जस्त वाढलेले दिसले, तर पंपाचा किंवा चुंबकाचा गंजलेला भाग आधी शोधा.

वीस दिवसांनी मला चार आकडे कळवा: जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवरचा खारेपणा, १० डीकेएचच्या द्रावणावर तुमच्या किटने दाखवलेला आकडा, डोस न देता दोन दिवसांत झालेली घट आणि सकाळी दिवे लागण्यापूर्वीचा पीएच. हीटरही त्याआधी व्हिनेगरने धुऊन ठेवा, म्हणजे नवा थर बसतो आहे का ते त्याच वेळी कळेल.